विवराकाठचा हिवाळा

लोणारला येणारी बहुतेक माणसं सरोवर वरूनच बघून परत जातात. गाडी काठाशी थांबते, चार फोटो निघतात, उल्का इथे पडली एवढं कुणीतरी मुलांना सांगतं आणि तासाभरात शेगावचा किंवा वेरूळचा रस्ता धरला जातो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि मेहकरजवळ उतरून लोणार गाठणं आणखी सोपं झालं. त्याबरोबर हे तासाभराचं दर्शनही वाढलं. मला त्याची हळहळ वाटते. कारण लोणार ही बघून निघण्याची जागा नाही, मुक्कामाची जागा आहे. त्या मुक्कामाचा काळही ठरलेला आहे: कार्तिक सरता सरता सुरू होणारा आणि माघाच्या मध्यापर्यंत टिकणारा हिवाळा.

लोणार ज्यात आहे त्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ पडत नाही आणि तळी गोठत नाहीत. इथल्या हिवाळ्याची देणगी वेगळी आहे. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा दुपारी माणसाला घरात कोंडतो. पावसाळ्यात काळी माती पायाला इतकी चिकटते की पांदणीतून दोनशे पावलं चालणं अवघड होतं. हिवाळ्यात मात्र हीच जमीन चालायला मोकळी होते. दुपारी हवा तिसाच्या आसपास राहते, रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली जाते. वाऱ्यात दमटपणा नसतो. आकाश दिवसच्या दिवस निरभ्र राहतं. "हिव वाजते" म्हणत सकाळी लोक शेकोटीभोवती बसतात आणि दहा वाजता त्याच अंगणात स्वेटर काढून कामाला लागतात. दिवसभर उघड्यावर राहायला असा ऋतू वऱ्हाडात दुसरा नाही.

आता विवराकडे वळू. लोणारचा हा खळगा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८३ किलोमीटर रुंद आहे आणि कडेपासून तळापर्यंत सुमारे १४० ते १५० मीटर खोल. तळाशी साधारण १.२ किलोमीटर व्यासाचं सरोवर आहे. विवराची कड भोवतालच्या सपाट शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच उठलेली आहे. आघाताने आतला खडक वर आणि बाहेर फेकला गेला, त्यातून ही कड बनली. म्हणजे लोणारकडे येताना आपण आधी थोडं चढतो आणि मग अचानक समोर जमीन संपते. हा चढ गाडीतून कळत नाही, पायी चालताना पोटऱ्यांना कळतो.

काठावरून पूर्ण फेरी मारायची तर सुमारे सहा किलोमीटर होतात. वाट सलग आणि सारखी नाही. काही ठिकाणी ती शेताच्या बांधावरून जाते, काही ठिकाणी झुडपांतून. स्थानिक वाटाड्या बरोबर घेतला तर तीन तासांत निवांत फेरी होते. हिवाळ्यात ही फेरी का करावी, याचं एक कारण झाडांत आहे. पावसाळ्यानंतर विवराच्या उतारावर हिरवळ इतकी दाट असते की खडक दिसतच नाही. पौष-माघात गवत वाळतं, साग आणि सीताफळ पानं गाळू लागतात आणि भिंतीतले थर उघडे पडतात. हे थर दख्खनच्या लाव्हाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक ओतलेला लाव्हा थंड होऊन हे खडक बनले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात ते आडवे, शिस्तीत बसलेले दिसतात. लोणारच्या कडेला मात्र ते बाहेरच्या बाजूला कललेले आढळतात, काही जागी तर उलटे झालेले. जमिनीला आतून धक्का बसून ती बाहेर उलटली, याचा हा पुरावा डोळ्यांना दिसणारा आहे.

या पुराव्यापर्यंत पोचायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं लागली. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण यांना लागणाऱ्या क्षारांसाठी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. त्यानंतर बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं मानलं जात होतं. भोवती सगळा ज्वालामुखीचाच खडक असल्यामुळे तो तर्क अगदी स्वाभाविक होता. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला आणि हे बेसॉल्टमधलं, म्हणजे याच लाव्हाच्या खडकातलं, आघात-विवर असल्याचं पक्कं झालं. तळात खोदलेल्या छिद्रांतून वर आलेल्या खडकांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्याने, वितळण्याआधीच काचेसारखं होतं, तेव्हा ते तयार होतं. असा दाब ज्वालामुखी देत नाही. बेसॉल्टमध्ये झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्राच्या काळ्या मैदानांवरचा खडक बेसॉल्टचाच असल्याने तिथली विवरं समजून घ्यायला लोणार उपयोगी पडतं. वयाबाबत मात्र दोन आकडे आहेत. काचमय कणांवरच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर नंतर केलेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. काठावर उभं राहून मार्गदर्शक पहिलाच आकडा सांगतात. दुसराही माहीत असावा.

फेरीची दिशा कशी ठरवावी? इथे सूर्य मदतीला येतो. लोणार विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ २० अंशांवर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आतच राहतो, तोही दक्षिणेला कललेला. विवराच्या भिंतींचा उतार २८ अंशांच्या आसपास धरला तर उत्तरेकडच्या भिंतीवर, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, ऊन जवळजवळ सरळ पडतं. समोरच्या भिंतीवर ते घसटत जातं. हिशेब केला तर मध्यान्ही उत्तरेच्या भिंतीला दक्षिणेच्या भिंतीपेक्षा तिपटीने ऊन मिळतं. एकाच खळग्यात, दोन किलोमीटरहून कमी अंतरावर, असे दोन हिवाळे असतात. म्हणून सकाळी लवकर बाहेर पडून आधी उत्तर काठ चालावा आणि ऊन तापू लागलं की दक्षिणेकडच्या सावलीत शिरावं. सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहाच्या जरा आधी मावळतो, पण विवराच्या तळाशी तो उशिरा पोचतो आणि लवकर निघतो. खाली उतरणाऱ्याने हे अर्धा-पाऊण तासाचं अंतर मनात धरूनच परतीची वेळ ठरवावी.

पहाटेची थंडी हा याहून सुरस विषय आहे. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. ॲरिझोनातल्या मीटिऑर क्रेटरमध्ये २००६ च्या ऑक्टोबरात हवामानशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा महिनाभर अभ्यास केला होता. तिथे कोरड्या तळाशी गार हवेचं डबकं रात्रभर साठतं. लोणारच्या तळाशी पाणी आणि झाडी आहे. पाणी जमिनीपेक्षा हळू निवतं, त्यामुळे इथला मामला अधिक गुंतागुंतीचा होतो. उतारावरून आलेली गार हवा कोमट पाण्यावर पसरली की पृष्ठभागाशी वाफ धरते आणि धुक्याचा पातळ थर तयार होतो. असा थर रोज दिसत नाही. पण वारा पडलेला असेल, रात्र स्वच्छ असेल आणि आदल्या दिवशी ऊन चांगलं तापलं असेल तर सूर्योदयाआधी काठावर येऊन उभं राहायला हवं. ऊन कडेवरून खाली उतरू लागलं की तो थर फार टिकत नाही.

खाली उतरायची नेहमीची वाट धारेपासून निघते. धार म्हणजे गोमुखातून बारमाही वाहणारा गोड्या पाण्याचा झरा. काठावरच्या या झऱ्यावर मंदिरं आहेत, कुंड आहे आणि पौषातही तिथे स्नानाला माणसं असतात. हे पाणी पुढे विवरात उतरतं आणि सरोवराला मिळतं. धार सोडली की पायऱ्या, मग पाऊलवाट, मग झाडी. उतारावर आणि पाण्याकाठी यादवकाळाच्या आसपासची लहान-मोठी मंदिरं विखुरलेली आहेत: रामगया, वाघ महादेव, पापहरेश्वर, कुमारेश्वर आणि पाण्याच्या अगदी काठाशी कमळजादेवी. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर या सगळ्यांत देखणं. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा त्याच्याशी जोडलेली आहे आणि बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं निवांत बघायला अर्धा दिवसही कमी पडतो. ते दुपारसाठी राखून ठेवावं. खाली मात्र सकाळीच जावं.

सन २००० पासून हे विवर अभयारण्य आहे. त्यामुळे वनखात्याचे नियम आणि वेळा पाळाव्या लागतात. मला त्या पाळाव्याशाही वाटतात. मोठ्याने गाणी लावून उतरणारे गट पाहिले की जीव कासावीस होतो. मोर, वानर, घोरपड आणि उतारावरचा शेकडो पक्ष्यांचा संसार माणसाच्या आवाजाने मागे सरतो आणि मग तेच लोक म्हणतात की इथे बघण्यासारखं काही नव्हतं.

सरोवराला बाहेर जायला वाट नाही. आत येणारं पाणी फक्त वाफ होऊन निघतं आणि खडकातून आणलेले क्षार मागे ठेवतं. त्यात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट जास्त, जोडीला मीठ. म्हणून पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्याइतकं ते अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात स्पिरुलिनासारखी सूक्ष्म शैवालं माजतात आणि हिवाळ्यात सरोवर हिरवं दिसतं. काठच्या चिखलातून येणारा उग्र वास गंधकयुक्त वायूचा असतो, घाणीचा नव्हे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली. पाणी आटून क्षार वाढले होते आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी, हॅलोआर्कियांनी, तो रंग आणला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ते दाखवलं. गुलाबी पाणी बघायच्या आशेने हिवाळ्यात येऊ नये. पावसाळ्यात वाढलेली पातळी तेव्हा टिकून असते. गेल्या काही वर्षांत तर पाणी इतकं चढलं की कमळजादेवीच्या मंदिरात शिरलं. त्यामुळे काठाकाठाने चालायची जुनी वाट सगळीकडे मोकळी असेलच असं नाही. खाली उतरण्याआधी त्याची चौकशी करावी.

२०२० मध्येच लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरनंतर हा मान मिळालेली राज्यातली ही दुसरी जागा. त्या नोंदीत १६० पक्षी-प्रजातींचा उल्लेख आहे. जगभर संख्या घटलेला पांढऱ्या मानेचा करकोचा त्यांत आहे आणि हिवाळी पाहुणं असलेलं पोचार्ड बदकही. लांडग्याचीही नोंद आहे. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक जोडीने दिसतो. त्याचा नारिंगी-तांबूस रंग हिरव्या पाण्यावर लांबूनही ओळखू येतो. उथळ कडेला लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोच घालत फिरतात. शेपटी सतत हलवणारे धोबी पक्षी दसऱ्याच्या आधीपासूनच आलेले असतात. यांतले अनेक मध्य आशियातून आणि हिमालयापलीकडून येतात. तिकडे तळी गोठतात, अन्न बर्फाखाली जातं, म्हणून ते इकडे उतरतात. पक्षी बघायला दुर्बीण हवी, आणि त्याहून जास्त हवी ती एका दगडावर तासभर बसण्याची तयारी. चालत राहणाऱ्याला बदकं दिसतात ती उडतानाची. बसणाऱ्याला ती चरताना, भांडताना, पिसं साफ करताना दिसतात.

गोठणाऱ्या तळ्यांचं नाव निघालं म्हणून एक जोडसरोवर सांगतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात वेस्ट हॉक लेक आहे. तेही आघात-विवर, लोणारपेक्षा थोडं मोठं, सुमारे २.४ किलोमीटर व्यासाचं आणि कित्येक कोटी वर्षं जुनं. पाणी ११५ मीटर खोल. त्याच्या काठी लोकांच्या सुट्टीतल्या लाकडी कुट्या आहेत. हिवाळ्यात सरोवराचा वरचा थर दगडासारखा गोठतो, मग माणसं त्यावर चालतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तिथला हिवाळा पाण्याला जमीन करतो. आपल्याकडे पाणी पाणीच राहतं आणि माणूस काठावर थांबतो. लोणारच्या पाण्यात उतरू नये, पोहू नये, होडीचा हट्टही धरू नये. इथली मौज काठावरची आहे, आणि ती भरपूर आहे.

रात्रीसाठी मुक्काम हवाच. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान विवराजवळच आहे आणि गावात लहान लॉजही आहेत. जेवण उरकून, अंगावर घोंगडी किंवा जाड शाल घेऊन, दिव्यांपासून दूर पण निवासाच्या आवारातच, उघड्या जागी बसावं. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्याच्या तीन ताऱ्यांच्या ओळीतून खाली रेघ ओढली की व्याध, वर ओढली की रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. शहरात कृत्तिकांचे चार-पाच तारे दिसले तरी लोक खूश होतात. इथे स्वच्छ रात्री सहा-सात सहज मोजता येतात.

पण लोणारच्या रात्रीची खरी तारीख १३-१४ डिसेंबर आहे. मिथुन राशीतून फुटल्यासारख्या दिसणाऱ्या उल्कांचा वर्षाव, जेमिनिड्स, त्या रात्री ऐन भरात असतो. चंद्र नसेल आणि आकाश काळं असेल तर मध्यरात्रीनंतर तासाला कित्येक डझन उल्का दिसू शकतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात. हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी जोडलेला आहे. पृथ्वी त्याच्या मागे राहिलेल्या कणांच्या पट्ट्यातून जाते आणि वाळूच्या दाण्याएवढे ते कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने हवेत शिरून, जमिनीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरांवरच जळून जातात. लोणारचा खळगा पाडणारा पाषाण अंदाजे शंभर मीटरांच्या आसपासचा होता. हवा त्याला थांबवू शकली नाही. वाळूचा कण आणि शंभर मीटरांचा खडक यांतला फरक पुस्तकात वाचून समजतो. पण ज्या जमिनीवर तो खडक आदळला तिच्याच कडेला बसून डोक्यावरून ते कण जळत जाताना पाहणं, असा योग जगात फार थोड्या ठिकाणी येतो. मुलांना खगोल शिकवायचा असेल तर त्यांना ही एक रात्र द्यावी.

दुसरा दिवस शेतात घालवावा. वऱ्हाडातला हिवाळा शेतात बसून खाण्याचा ऋतू आहे आणि त्यात पहिला मान हुरड्याचा. ज्वारीच्या कणसात दाणा भरताना आधी दुधाळ रस येतो, मग तो घट्ट होत पिठाळ बनतो. दूध सरलं आहे पण पीठ पुरतं झालेलं नाही असे जे थोडे दिवस असतात, तेवढेच हुरड्याचे. त्या वेळी दाण्यात साखर असते, पुढे तिचंच पिष्ट होतं आणि गोडी जाते. रात्री थंड असल्या की दाणा सावकाश पिकतो आणि हे दिवस जरा लांबतात, म्हणून थंडीतला हुरडा गोड. गवऱ्यांचा विस्तव करून निखाऱ्यांवर कणीस उलटंसुलटं भाजतात. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, पिष्ट शिजतं, टरफल सुटतं आणि गरम कणीस तळव्यात चोळलं की हिरवे दाणे गळून पडतात. शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, आणि गरम असतानाच खाणं. निवला की हुरडा चिवट होतो.

वऱ्हाडात हुरड्यासाठी 'वाणी' म्हणून ओळखली जाणारी खास ज्वारी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तिच्यातून निवड करून 'पीडीकेव्ही कार्तिकी' हा हुरड्याचा वाण दिला. मात्र शिवारात ज्वारी कमी झाली आहे. गेल्या काही दशकांत सोयाबीनने आणि कपाशीने तिची जागा घेतली. शेतावर पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणारे शेतकरी आता पुढे आले आहेत, पण काहींना ते खटकतं. मला ते चांगलं वाटतं. त्या निमित्ताने एका कोपऱ्यात का होईना ज्वारी पेरली जाते आणि कडब्याने बैलाचंही भागतं. फक्त तो पैसा खरोखर शेतकऱ्याच्या हाती जावा, मधल्या मंडपवाल्याच्या नव्हे.

हुरडा हा नाश्ता. जेवण म्हणजे रोडगे. गव्हाची जाडसर कणीक मीठ, ओवा, तेल घालून घट्ट मळतात, तिचे थर देऊन गोळे करतात आणि गवऱ्यांच्या धगीत ते पुरून भाजतात. वर राख, आत खमंग, भुसभुशीत गर. फडक्याने राख झटकून रोडगा हाताने फोडायचा, त्यावर वरण आणि तूप, बाजूला झणझणीत रश्शाची वांग्याची भाजी. पळसाच्या पत्रावळीवर, जमिनीवर बसून. पश्चिमेला मलकापूर-मोताळ्याकडे गेलात तर खानदेशाचा शेजार लागतो आणि वांग्याचं भरीत होतं, तेही पऱ्हाटीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं. कपाशी वेचून झाल्यावर उरलेल्या त्या काड्या भरभर पेटतात आणि वांग्याला धुराचा जो वास लागतो तो गॅसवर येत नाही. जोडीला तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, हिरव्या तुरीच्या सोल्यांची भाजी, बांधावरची बोरं. एक मात्र पक्कं: हे सगळे विस्तव शेतातच पेटवायचे. विवरात किंवा जंगलात एक काडीही ओढायची नाही. वाळलेल्या गवताला पौषात ठिणगी पुरते.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगरात जावं. बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथली सकाळ लोणारपेक्षाही बोचरी असते. शहर आणि खामगाव यांच्या मधल्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेलं आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटर. पानगळीचं जंगल, मधे पलढग धरणाचं पाणी. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, चिंकारा ही इथली वस्ती. २०१९ च्या डिसेंबरात मात्र इथे एक अनपेक्षित पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, तीनेक वर्षांचा टी१सी१ हा नर वाघ. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. पावसाळ्यात तो जन्मस्थान सोडून निघाला आणि पैनगंगेकाठचं जंगल, तेलंगणाचा काही भाग, हिंगोली, वाशीम असं करत सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. पुढची भटकंती धरली तर त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरांच्या वर जाते. भारतात वाघाची एवढी लांब नोंदलेली चाल तोवर झाली नव्हती.

या प्रवासातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाघाची ताकद नव्हे. शिकवतं ते त्या वाटेवरचं शिवार. त्याचा बराचसा मार्ग जंगलातून नव्हता, तर शेतं, नाले, कालवे आणि रस्ते यांच्यामधून होता. दिवसा तो लपे आणि रात्री चाले. ज्या कपाशी-तुरीच्या शेतांतून आपण हिवाळ्यात शेंगा तोडत फिरतो, तीच शेतं त्याला आडोसा देत होती. हे माहीत असलं की शिवारात चालण्याची रीत बदलते. संध्याकाळी उशिरा पांदणीतून एकटं जाऊ नये असं गावातली म्हातारी माणसं सांगतात, तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो.

अस्वलांबाबत तर हा सल्ला अक्षरशः पाळावा. हिवाळ्यात बोरं पिकतात आणि बोरं हे अस्वलाचं आवडतं खाद्य. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती जंगलाच्या कडेच्या बोरीखाली येतात. शिवाय याच महिन्यांत मादी गुहेत पिलं देते, आणि पिलांजवळ गेलेल्या माणसाला अस्वल इशारा देत बसत नाही. म्हणून ज्ञानगंगेत वनखात्याच्या सफारीनेच जावं, कपारींकडे फिरकू नये आणि बोरं खायचीच तर शेताच्या मधल्या बोरीची, भर उन्हात खावी.

जिल्ह्यात आणखी एक पाण्याकाठचा हिवाळा आहे, तो इतिहासाचा. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. गावात मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, पुतळा बारव आहे, लखुजीरावांची भव्य समाधी आहे. दुष्काळी मुलखात पाणी अडवून त्याच्याभोवती गाव वसवणाऱ्या माणसांचं शहाणपण इथे दगडात दिसतं. मोती तलावाच्या बंधाऱ्याची भिंत नुसती पाणी धरत नाही, तिला दर्शनी बाजूने कोरीव देखणेपणही दिलेलं आहे. जिजाऊ जयंतीला राज्यभरातून लाखो माणसं येतात. पहाटेपासून राजवाड्यापुढे रांग लागते, जिजाऊसृष्टीवर सभा होते, पुस्तकांची दुकानं लागतात आणि गावोगावच्या बाया नऊवारी नेसून कुडकुडत्या थंडीत येतात. हा सोहळा बघायचा असेल तर आदल्या रात्रीच पोचावं, कारण बाराला सकाळी रस्ते भरून वाहतात. नुसते तलाव आणि समाधी निवांत बघायची असेल तर संक्रांत उलटून गेल्यावर यावं. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, थंडी अजून शिल्लक असते आणि मोती तलावाच्या भिंतीवर सकाळचं ऊन अंगावर घेत हवं तितकं बसता येतं.